‘पाणी’ कुणी म्हटलं?

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, पण मला वेणीफणीसाठी कुणी टांगलेलं नाही. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो, त्यांना शिकवणाऱ्या ताईंच्या खोलीत मी आहे. काचवाल्याने मला कापलं, सुताराने चौकट घातली आणि ताईंनी मला इतकं खाली लावलं, की मांडी घालून बसलेल्या लहान मुलाचे ओठ मला नेमके दिसावेत.

ताईही शेजारी मांडी घालून बसायच्या. मुलाने ‘फू’ केलं आणि माझ्यावर वाफ धरली, की म्हणायच्या, “बघ, तुझी फुंकर दिसली!” दिवसाला आठ मुलं, प्रत्येकामागे वहीत दोन ओळी. आया म्हणत, या आरशाला हातगुण आहे. आरशाला कसले हात! पण ऐकायला बरं वाटे.

मग टेबलावर एक हुशार यंत्र आलं. खोलीतलं बोलणं ऐकून ते चुटकीसरशी अकरा पानी अहवाल लिही. केंद्राचे साहेब खूश. “ताई, आता आठाची सोळा मुलं करा!”

सोळा झाली नाहीत. अहवाल एवढा झटपट मिळतो म्हटल्यावर महिन्याला एक मागणारी मुलांची शाळा आठवड्याला एक मागू लागली. शाळेतलं यंत्र तो वाचून वीस प्रश्न पाठवी, इथलं यंत्र उत्तरं देई. सही मात्र ताईंची, म्हणून सगळं वाचायचंही ताईंनीच. आठाची सहा मुलं झाली. मला आता ताईंचा अंबाडा तेवढा दिसे. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

तेव्हा बबडी येत असे. सव्वातीन वर्षांची, अजून एकही शब्द न बोललेली. तिची आई स्टुलावर बसून तिच्या ओठांकडे टक लावून बघे. एक दिवस आईला निरोप गेला: मुलगी ‘पाणी’ स्पष्ट म्हणते, प्रगती समाधानकारक, पुढच्या आठवड्यापासून तिची वेळ दुसऱ्या मुलाला.

शेवटच्या दिवशी आई अहवाल घेऊनच आली.

“ताई, हे ‘पाणी’ मी म्हटलं होतं. तिला तहान लागली असेल म्हणून विचारलं. ही कुठे बोलली?”

ताईंनी पानं उलटली. “सातव्या पानावर आहे. सही माझीच आहे.”

“अहो, पण तुम्ही इथेच होतात ना!”

“होते. याच्याकडे बघत होते,” ताई यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या.

कुणी आवाज चढवला नाही. दुरुस्तीचा अर्ज यंत्राने तिथल्या तिथे लिहून दिला. मंजुरीला सहा आठवडे लागणार होते.

दहा मिनिटं उरली होती. ताई उठल्या आणि बऱ्याच महिन्यांनी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. “फू,” त्या म्हणाल्या. बबडी बघत राहिली. मग तिने ओठ पुढे काढले आणि माझ्यावर रुपयाएवढी वाफ धरली. आईने तोंडावर हात दाबला.

मित्रांनो, मला रोज पुसा, असा माझा हट्ट नाही. यंत्राने तुमचा वेळ वाचवला, तर तेवढा वेळ कुणाच्या तरी शेजारी बसा, एवढंच.

फुंकरीला आवाज नसतो. त्या दिवशीच्या अहवालात लिहिलं होतं: प्रतिसाद नाही.