हिरोक्किनचा धक्का

मंगळवारी सकाळी नऊ वाजता आत्याच्या शेडमध्ये होतं ते असं: सहा वल्ह्यांची एक लाकडी नाव, वजन सहाशे चाळीस किलो, तिच्याखाली आडवे टाकलेले नऊ ओंडके, चौदा कॅमेरे, चार पहिलवान, एक मेंढा, आणि अंगावर चिकटवायचे त्रेपन्न पांढरे गोळे. साडेनऊला गोळे पन्नास राहिले. तीन मेंढ्याने खाल्ले.

मेंढा लांडग्याच्या जागी होता. आम्ही जो व्हिडिओ गेम बनवत होतो त्यात बाल्डर देव मरतो आणि त्याची चिता रचलेलं जहाज समुद्रात लोटायचं असतं. थॉरसकट सगळ्या देवांनी मिळून जोर लावला तरी ते हलत नाही. मग हिरोक्किन नावाच्या राक्षसिणीला बोलावणं जातं. ती लांडग्यावर बसून येते, लगाम जिवंत सापांचा. चार योद्ध्यांना तो लांडगा आवरत नाही. ती एकच धक्का देते, जहाजाखालच्या ओंडक्यांना घासून आग लागते, जहाज पाण्यात. संपलं. अख्ख्या पुराणात तिच्या वाट्याला सहा-सात ओळी. त्या ओळींवर मी आठ महिने घालवले होते.

माझं काम गणिताचं. कुणी किती जोर लावला तर काय किती हलेल, ते मी मांडते. पण माझ्या गणिताने चालणारी हिरोक्किन पडद्यावर फ्रिज सरकवणाऱ्या बाईसारखी दिसायची. गेम खेळून बघायला बोलावलेली माणसं हसायची. म्हणून खऱ्या बाईने खरी नाव ढकलायची आणि कॅमेऱ्यांनी तिच्या अंगावरच्या गोळ्यांवरून तिची हालचाल टिपायची, असं ठरलं. नाव आणि शेड माझ्या हालबेरा आत्याची, शेडमधून उतार थेट समुद्रात जाणारा, भाडं शून्य.

कंपनीचा मालक कोल्बेइन रेक्याविकहून गाडी चालवत आला होता. आल्या आल्या म्हणाला, "संध्याकाळपर्यंत बघतो. नाही जमलं तर धक्का थॉर मारेल. थॉर तयार आहे."

"थॉरला जमत नाही, हीच तर गोष्ट आहे!"

"थॉरला लोक ओळखतात. तुझ्या बाईला कोण ओळखतं?"

"म्हणूनच ठेव ना तिला."

"मग एकच सांगतो. माझ्यासमोर कुठल्याही बाईने ही नाव वीतभर हलवून दाखवावी. तुझी बाई राहील. नाहीतर थॉर."

आमची बाई म्हणजे सिग्नी. जमिनीवरून एकशे चाळीस किलो उचलते. ती नावेच्या मागे गेली, दोन्ही हात टेकले आणि जोर लावला. तिचे बूट मागे सरकले. नाव तिथेच.

"पुन्हा," मी म्हणाले.

पुन्हा बूट सरकले. तिसऱ्यांदा हात निसटला आणि सुकाणू अडकवायच्या लोखंडी आकड्यावर कोपर आपटलं. सिग्नीने जे उच्चारलं ते गेममध्ये वापरता येणार नाही. तिकडे मेंढ्याने दोन पहिलवान लोळवले होते आणि उरलेले दोघे त्याच्याशी गोड बोलत होते.

"थॉरच्या धक्क्याचा कागद काढू का?" कोल्बेइनने विचारलं.

तेवढ्यात आत्या कॉफीचा थर्मास घेऊन आली. वय बाहत्तर. दारातच थांबली.

"ही नाव कुणी अशी ठेवली?"

"आम्ही. का?"

"तोंड समुद्राकडे! तिला काय देखावा बघायचाय?"

कोल्बेइन म्हणाला, "हालबेरा, नाव समुद्रात जाणार आहे. गाडीसारखी. तोंड पुढे."

"तू बोटीतून कधी घरी आलायस का रे? समुद्रावरून येताना नाव तोंडानेच किनाऱ्यावर चढते, पाहुणा घरात शिरतो तशी. दमलेली माणसं ती वळवत बसत नाहीत. म्हणून निघताना तोंड डोंगराकडे. आणि ढकलायचं तोंडाकडून."

मी फोनवर पुराणातला जुना मजकूर उघडला. शंभरदा वाचलेली ओळ होती: ती जहाजाच्या पुढच्या टोकाशी गेली. ते टोक मी आठ महिने समुद्राकडे धरून बसले होते. शहरात वाढल्याचा परिणाम.

फोर्कलिफ्टने नाव वळवली. पुढचं टोक गुळगुळीत, आकडे नाहीत, खिळे नाहीत.

"आता ये गं," आत्या सिग्नीला म्हणाली. "हात नाही लावायचे. पाठ लावायची."

"कोपर बघ माझं," सिग्नी म्हणाली. ते सुजलं होतं.

"मग मीच दाखवते. ओंडके मात्र कोरडे ठणठणीत आहेत. तुम्ही सकाळी चमचा चमचा पिता ते कॉड माशाचं तेल कुठंय?"

पहिलवानांकडे पाच बाटल्या निघाल्या. आत्याने सगळ्या ओंडक्यांवर ओतल्या. शेडभर वास सुटला.

"थांब, थांब," कोल्बेइन नाक धरून म्हणाला. "तेल लावलं तर आग कशी लागेल? ओंडके पेटायला हवेत!"

"तिचे पेटले, कारण तिला कुणी तेल दिलं नाही. बाईला कामाला बोलावलं आणि साधं तेल नाही. देव कसले ते!"

आत्याने स्वेटर काढायला साफ नकार दिला, म्हणून गोळे स्वेटरवरच चिकटवले. तोवर मी वहीत गणित पुन्हा मांडलं. उतार तीन अंश. कोरड्या ओंडक्यांवर लागणारा जोर सव्वाशे किलो. तेल लावल्यावर पाच किलो. मला ते चुकीचं वाटलं म्हणून परत केलं. पाचच.

"आत्या," मी म्हणाले, "अगदी हळू ढकल."

"हळू ढकलून कधी नाव गेलीय का?" तिने पाठ टोकाला लावली आणि टाचा डोंगराकडच्या दाराच्या दगडी उंबरठ्याला रोवल्या.

कोल्बेइन उताराच्या मधोमध उभा होता, वीत मोजायला हात पसरून.

"कोल्बेइन, बाजूला हो."

"मला नीट बघू दे."

"बाजूला हो!"

एका पहिलवानाने त्याला कॉलर धरून ओढलं. आत्याने गुडघे सरळ केले.

नाव एकोणीस मीटर चाळीस सेंटिमीटर गेली. शेवटचे साडेअकरा मीटर पाण्यात.