जेवून येतील

शर्टाच्या बाहीत, आतल्या अंगाला, कोपराच्या जागी काहीतरी गोल चिकटलं होतं. तिने बाही उलटी केली. बटणापेक्षा जराशी मोठी, फिक्या रंगाची चिकटपट्टी, धुऊन धुऊन कडा विरलेल्या, मध्ये एक तपकिरी ठिपका... आणि कापडाला अशी घट्ट बसलेली, की शिवतानाच शिंप्याने लावली असावी. तिने नखाने खरवडून पाहिली. निघेना. हा शर्ट शेवटच्या वेळचा, की त्याच्या आधीचा? विचार एवढाच आला आणि तिथेच थांबला. हल्ली तिचे विचार असेच दारापर्यंत येत आणि चपला न काढताच परत फिरत.

शर्ट तिने 'द्यायचे' या ढिगावर ठेवला. मग उचलून दुसऱ्या ढिगावर ठेवला. दुसऱ्या ढिगाला नाव नव्हतं.

आज तिने रजा घेतली होती, म्हणून कपाट काढलं होतं. एरवी ती ऑफिसात जात होती, पत्रं टाइप करत होती, आणि बरोबरच्या बायका तिच्या पाठीमागे म्हणत होत्या, सावरली हो बिचारी. सावरायला आधी कोसळावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? महिना उलटून गेला, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडून घे गं, मोकळी हो, असं जाऊ म्हणाली होती, उन्ह आहे तोवर कपडे वाळत घाल म्हणावं तितक्या सहजपणे. लेक रोज फोन करून विचारायची, "आई, रडलीस का?" – गोळी घेतलीस का, असं विचारावं तसं. ती म्हणायची, नाही गं अजून. जणू काही जेवणानंतर रडायचं ठरलं आहे.

वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाईट होतं, कुठेतरी होतं... वरच्या मजल्यावर कुणी जड सामान सरकवावं आणि आपण खाली बसून नुसतं ऐकावं, तसं. जिना मात्र सापडत नव्हता. आणि कुणाला सांगायची पाळीही तिच्यावर आली नव्हती. दुकानाच्या पायऱ्यांवर नवरा कोसळला, तिथून शेजारच्या दुकानदाराने कळवलं, नातेवाइकांना लेकीने सांगितलं, ऑफिसात शेजाऱ्यांनी. ते एक वाक्य गावभर फिरून आलं, पण तिच्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं.

फोन वाजला. तिचा नव्हे, त्याचा. तो ती रोज रात्री चार्जिंगला लावत असे. कशासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं, म्हणून उत्तरही तयार ठेवावं लागलं नव्हतं.

"काका, रक्तपेढीतून बोलतेय! तीन महिने होऊन गेले बरं का."

"मी... काकू."

"अगंबाई, काकू! काका आहेत का जवळपास? जरा घाईचं होतं. एका बाईचं उद्या सकाळी ऑपरेशन आहे, बाळंतपणाचं. रक्त खूप जाईल म्हणतायत डॉक्टर. आणि गट काकांचाच, निगेटिव्ह. आमच्याकडे एकच पिशवी शिल्लक आहे. काका दुपारी येऊन गेले, तर तपासण्या होऊन सकाळपर्यंत तयार होईल. येतील ना?"

"येतील," ती म्हणाली.

"झालं तर! मग मी बाकीच्यांना फोन करत बसत नाही. काका म्हणजे काय, प्रश्नच नाही. आणि काकू, उपाशीपोटी पाठवू नका हं."

"जेवून येतील."

फोन बंद झाला. तिने उरलेले शर्ट घडी घालून ठेवले. खोटं बोलल्यासारखं काहीच वाटलं नाही, कारण ती बोललीच नव्हती... कितीतरी वर्षं हाच फोन आला होता, तो आंघोळीला नाहीतर दुकानात असायचा, आणि हीच म्हणायची, येतील. जिभेला सवय होती. जिभेला अजून कुणी कळवलं नव्हतं.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि दोन माणसांचा भात लावला.

भाजी चिरताना तिला त्याच्याशी झालेली भांडणं आठवली. आठवली म्हणजे चित्रासारखी समोर उभी राहिली, आवाज बंद करून. वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान त्याचं. दिवसभर कुणाच्या तरी काट्यातला बारीकसा फरक शोधत बसायचा, आणि घरात मात्र मीठ जास्त झालंय की कमी, याचा पत्ता नसायचा. रक्त देऊन आला की बाही खाली सोडून, गुन्हा केल्यासारखा हळूच आत यायचा. ती म्हणायची, अंगात फार झालंय का? एवढं ओतून येता, कुणाला जातं ते तरी कळतं का? "कळत नाही तेच बरं आहे," तो म्हणायचा. "कळलं असतं, तर ते उपकार झाले असते. मग त्यांनी दिसलं की नमस्कार करायचा, आणि मी 'असू दे, असू दे' म्हणायचं. कुणी सांगितल्यात त्या कटकटी?" यावर ती चिडायची. कारण तिला वाटायचं, घरातल्या माणसांवर तरी करा की कधी उपकार... पण तेव्हा भांडणाला कारण काहीतरी भलतंच असायचं, गॅस संपलेला, नाहीतर लेकीची परीक्षा.

इतक्या पिशव्या दिल्या, आणि त्याच्या वेळी कुणाच्या थेंबाचीही गरज पडली नाही. पायऱ्यांवरच सगळं संपलं होतं. डॉक्टरने नुसती मान हलवली.

तिने दोन ताटं वाढली, आणि एकावर बसून जेवू लागली. चव लागत नव्हती, पण ती नेमाने जेवायची. न जेवण्यात काही अर्थ असतो आणि तेवढाही अर्थ तिच्यापाशी नव्हता. समोरच्या ताटातल्या भाताची वाफ विरत चालली होती. गार होतंय, अहो, या ना – असं काहीसं मनात येता येता एकदम दुसरंच वाक्य आलं, त्या मुलीच्या आवाजात: मग मी बाकीच्यांना फोन करत बसत नाही.

घास हातातच राहिला.

म्हणजे कुणीही कुणाला शोधत नव्हतं. म्हणजे कुठल्यातरी खाटेवर पोटावर हात ठेवून एक बाई पडली होती, आणि तिची माणसं निर्धास्त झाली होती, कारण मी म्हणाले, येतील.

तिने हात धुऊन फोन लावला. लागेना, कुणीतरी बोलत होतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आणि लागत नाही याचं तिला आतून बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने पर्स उचलली आणि ताटं तशीच टाकून ती बाहेर पडली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ती वाक्य जुळवू लागली. ते गेले. ते आता नाहीत. त्यांचं असं असं झालं... प्रत्येक वाक्य ती दुसऱ्याचे कपडे घालून पाहावेत तसं मनात घालून बघत होती, आणि एकही अंगाला बसत नव्हतं. लेकीने किती भराभर सांगितलं होतं सगळ्यांना! मला का येत नाही? चार अक्षरं तर आहेत. शेजारच्या बाईने विचारलं, "काही म्हणालात का?" ती म्हणाली, "नाही, तालीम करतेय." बाई जरा सरकून बसली.

रक्तपेढीचा जिना फिनेलच्या वासाचा होता. वरती लांबट खोली, बाक, काचेच्या पलीकडे खुर्च्या. बाकावर गॅरेजच्या कपड्यांतला एक तरुण बसला होता; ती दिसताच उठून उभा राहिला. टेबलामागची मुलगी हसली. केसांत पेन खोचलेलं होतं. तिचं हसू आधी हिच्यावर पडलं आणि मग हिच्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेलं. तिथेच थांबलं.

"या काकू! तुम्हीसुद्धा आलात? काका गाडी लावतायत वाटतं?"

तरुणही दाराकडे बघत होता. "काकांचे पाय धरायचेत मला," तो म्हणाला. "माझी बहीण आहे ती. माझं जुळलं नाही हो. मी तयार होतो, पण जुळलंच नाही."

दोघंही दाराकडे बघत होती. तिलाही क्षणभर मागे वळून बघावंसं वाटलं. इतक्या खात्रीने कुणी वाट पाहत असेल तर...

"ते वारले," ती म्हणाली.

आवाज आपला वाटला नाही. मोठा आला होता, हाक मारल्यासारखा.

"कोण?" मुलीने विचारलं. मग तिला कळलं. हसू पुसायचं राहून गेलं, तसंच चेहऱ्यावर वाकडं होऊन बसलं. "अहो, पण मघाशी फोनवर... कधी?"

"महिना झाला. मी म्हटलं येतील. माझ्या तोंडून... मला सांगता आलं नाही. तुम्ही बाकीच्यांना फोन केला नसेल."

"नाही केला," मुलगी म्हणाली. हात पुढे करून तिने हिचं मनगट घट्ट धरलं, सोडलं, आणि केसांतलं पेन काढून फोन ओढला. "बसा काकू. मी नंतर बोलते तुमच्याशी, हं? बसा."

तिला हायसं वाटलं. महिनाभरात भेटलेलं हे पहिलं माणूस, जे तिला रड म्हणालं नव्हतं.

तरुण अजून उभाच होता. तिला वाटलं, हा आता आपल्यावर ओरडेल, ओरडायलाच हवं. पण तो ओरडला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि लहान पोरासारखं विचारलं, "मग आता?"

ते दोन शब्द तिच्या आत कुठेतरी खोल जाऊन पडले. आत, खाली. मग आता? एवढंच तर विचारायचं होतं मला. महिनाभर कुणाला तरी... आणि कुणाला, ते कळत नव्हतं.

मुलगी फोन करत होती. एकाने गेल्याच महिन्यात दिलं होतं. एक तापाने झोपला होता. एकाचा नंबरच बदललेला. एक जण म्हणाला, पेशंट आमच्या नात्यातला आहे का? नाही म्हटल्यावर, बघतो, म्हणाला. मुलगी फोनवर हात ठेवून पुटपुटली, "काका कधी विचारायचे नाहीत. यायचे, आणि आधी आमचा वजनकाटाच तपासायचे. म्हणायचे, तुमचा काटा खोटं बोलतोय." तिला हे ठाऊक नव्हतं. त्याचं इथलं हे एवढंसं आयुष्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं, ती भांडत होती.

शेवटी एक बाई मिळाली. दूरच्या कुठल्याशा शाळेत शिकवणारी. शाळा सुटली की निघते, म्हणाली. "याल ना?" मुलीने विचारलं. आणि जरा थांबून, हिच्याकडे न बघता, "नक्की याल ना?"

'नक्की' हा शब्द हिच्या खात्यावर होता. तिने तो मुकाट्याने घेतला.

"वेळेत पोचल्या तर होईल," मुलगी म्हणाली. तरुणाने मान हलवली आणि तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. खाली गाडी वाजली की वाकून बघायचा.

"माझं घ्या," ती म्हणाली.

"काकू, तुमचा गट?"

"आठवत नाही. एवढी वर्षं त्यांचाच गट ऐकत आले."

बोटाला टोचून थेंब घेतला, बघितला. चारचौघांसारखा गट निघाला, बी पॉझिटिव्ह. "त्या बाईला नाही चालणार," मुलगी म्हणाली. "आणि आज नकोच काकू, तुमची मनःस्थिती..."

"मनःस्थिती ठीकच आहे. तीच तर अडचण आहे. या बाईला नसेल चालत तर दुसऱ्या कुणाला तरी चालेल ना?"

"चालेल. रोजच लागतं कुणाला तरी."

"मग घ्या. मी जेवून आलेय."

वजन, रक्तदाब, प्रश्न सगळं झालं. खुर्ची मागे झुकली. छतावर पंखा होता, त्याच्या एका पात्यावर धूळ जास्त होती. हाच पंखा तो बघत असेल. हातावर काहीतरी गार फिरलं. दंडाला पट्टा आवळला गेला, आणि सुई आत गेली.

दुखलं.

चांगलंच दुखलं. ती चपापली. तो म्हणायचा, छे, मुंगी चावल्यासारखं वाटतं, त्यात काय! कसली मुंगी? सरळ थाप! दर तीन महिन्यांनी येऊन हे सोसायचं आणि घरी येऊन मला थापा मारायच्या... आणि मी वर विचारणार, अंगात फार झालंय का? का नाही सांगितलंत? दुखतं म्हणायला काय झालं होतं? मी काय नको म्हणाले असते? ...म्हणालेच असते. तिला संताप आला. कानशिलं तापली. इतका लख्ख, हातात धरता येईल असा राग तिला किती दिवसांत आला नव्हता, आणि तो घरी नेऊन ज्याच्या पुढ्यात आदळायचा, तो माणूस घरी नव्हता. नव्हता. ती मूठ आवळत होती, सोडत होती, आणि वरच्या मजल्यावरचं ते सामान आता अगदी डोक्यावर आलं होतं.

"दुखतंय का, काकू?"

"हो," ती म्हणाली. "दुखतंय."

खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. तरुणाचे जोडे दोन पायऱ्या उतरून थबकले. कुणाची गाडी, ते इथून दिसत नव्हतं. तिने मान वळवली आणि काचेतून जिन्याकडे बघत राहिली. तो येणार नव्हता. पण कुणीतरी यायलाच हवं होतं... हे तिला इतकं हवं होतं, की आवळलेली मूठ सोडायची राहून गेली.