दांड्यावरच्या दोन खुणा

मी एक जुनी आडवी सायकल आहे, मित्रांनो. आडवी म्हणजे पडलेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्यावर बसणारा माणूस आरामखुर्चीत रेलावा तसा रेलतो आणि पाय पुढे लांब करून पेडल मारतो. पेडल माझ्या पुढच्या चाकाच्याही पुढे, एका दांड्याच्या टोकाला आहेत. मागे उंच काठीवर नारिंगी झेंडा असतो, कारण मी इतकी बुटकी की ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. लोक हसतात. "पलंग घेऊन कुठे निघालास?" किंवा "अरे, उशी राहिली घरी!" हे मी सत्तावीस वर्षं ऐकते आहे. पण समुद्राच्या बांधावर समोरून वारा सुटला की हेच लोक आपल्या उभ्या सायकलींवर धापा टाकत असतात आणि मी शेजारून निघून जाते. तेव्हा एकालाही विनोद सुचत नाही.

हार्लिंगन बंदराजवळच्या एका खेड्यात, होड्या दुरुस्त करणाऱ्या ऊबेलेच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. ऊबेले मोठा तिरसट माणूस. नाकावर माशी बसू द्यायचा नाही, पण त्याने जोडलेला माझा एकही सांधा आजवर सुटलेला नाही. आता एक गोष्ट लक्षात ठेवा. आडवी सायकल कुणीही उठून चालवावी अशी नसते. मालकाचे पाय जेवढे लांब, तेवढाच दांडा बाहेर काढायचा, आणि दांडा हलवला की साखळीचे दुवेही कमी-जास्त करायचे. ऊबेलेने माझ्या मालकाला, वीब्रनला, सीटवर बसवलं, त्याची टाच पेडलवर टेकवली आणि दांडा जिथे थांबला तिथे कानशीने एक खाच पाडली. अगदी सरळ.

"हे तुझं माप," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बसवलंस तर माझ्याकडे येऊ नकोस."

वीब्रन कालव्यावरचा पूल उघडायचा. होडी आली की पूल वर घ्यायचा, आणि गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून तो होडीवाल्यापुढे सोडायचा. होडीवाला त्यात नाणं टाकायचा. वाऱ्यात सुद्धा तो बूट कधी हेलकावत नसे, इतका वीब्रनचा हात स्थिर होता. त्या हातांनी तो मला दर शनिवारी पुसायचा. मला त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःचाही होता.

त्याची बायको नीन्के गावातल्या पोरांना पोहायला शिकवायची. आवाज खणखणीत आणि भीती कशाचीच नाही. मात्र आडवं पडून सायकल चालवायला तिची साफ ना. "मेल्यावर आडवं व्हायचंच आहे, आत्तापासून सराव कशाला?" असं म्हणून ती आपली उभी सायकल दामटायची. दर रविवारी दोघं बांधावरून मेंढ्यांच्या फाटकापर्यंत जायची. जो आधी पोहोचेल त्याने फाटक उघडायचं आणि कॉफी ओतून ठेवायची, असा त्यांचा नियम होता. वारा समोरचा, म्हणून आधी पोहोचायचो आम्हीच. नीन्के लालबुंद होऊन येईपर्यंत कॉफी आणि दालचिनीच्या गोड पावाचा तुकडा तयार असायचा.

"आलात का राणीसरकार?"

"गादीवर लोळत येणाऱ्याने बोलू नये," ती म्हणायची आणि त्याच्याच कपातली कॉफी प्यायची.

मला वाटायचं, हे असंच चालणार.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचा डावा पाय मला वेगळा लागायला लागला. उजवा पेडल ढकलायचा आणि डावा जरा उशिरा यायचा. मग हँडलवरचा हात थरथरू लागला. चालू असताना मी सावरून घ्यायचे, पण निघताना एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, आणि तो जमिनीवरचा पाय वेळेवर उचललाच जायचा नाही. पहिल्यांदा आम्ही पडलो ते फाटकापाशी, नीन्के यायच्या आधी. त्याने कपडे झटकले आणि नेहमीसारखी कॉफी ओतून ठेवली. दुसऱ्यांदा पडलो ते पुलाच्या उतारावर. तिसऱ्यांदा माझा डाव्या बाजूचा रंग चांगला वीतभर निघाला. त्याने निळा रंग आणून तो बुजवला, आणि त्या दिवसापासून मला डावी बाजू भिंतीकडे करून उभं करायला लागला. पायाला काय झालं असं नीन्केने विचारलं तर म्हणाला, "काही नाही, मेंढीने धक्का दिला."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याला वाटत होतं. मला मात्र रोज धास्ती वाटायची. बांधाखालून दुधाच्या टाकीचे ट्रक जातात, मित्रांनो, आणि सायकलला बोलता येत नाही.

एकदा तो एकटाच डॉक्टरांकडे जाऊन आला. मिळालेलं पत्र त्याने माझ्या सीटमागच्या पिशवीत, पंक्चरच्या सामानाखाली ठेवलं. तिथे कुणी बघणार नाही अशी त्याची खात्री. फेब्रुवारीत नीन्केच्या उभ्या सायकलची हवा गेली आणि ती पंप शोधत माझ्यापाशी आली. पत्र हाती लागलं. कंपवात, असं त्यात लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि शेडच्या दाराला टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती रडलेली मी पाहिली नव्हती. मग तिने पत्र होतं तसंच घडी घालून परत ठेवलं. मला भिंतीपासून ओढून डाव्या बाजूचा ताजा रंगही पाहिला. शेवटी खिशातून मोज्यांची करडी लोकर काढली, सीटच्या पाठीपासून पेडलपर्यंत ताणली आणि तिथे गाठ मारली.

आता दोघांची गुपितं माझ्यापाशी होती आणि घरात अळीमिळी गुपचिळी.

पुढच्या रविवारी फाटकापाशी ती म्हणाली, "वीब्रन, माझी मनगटं दुखतात रे. मलाही आडवी सायकल घेऊ या."

त्याला इतका आनंद झाला की त्याने अर्धी कॉफी सांडली. "सत्तावीस वर्षांनी अक्कल आली म्हणायची!"

"पण दोघांना वापरता येईल अशी घ्यायची. घरात वस्तू आणायची आणि ती एकाच्याच कामाची, हे मला चालणार नाही. आणि तीन चाकी हवी."

"तीन चाकी? अगं, ती लंगड्या-पांगळ्यांसाठी असते."

"मग माझ्या मनगटांना लंगडी समज."

योरिटच्या दुकानात ते मला घेऊन गेले, गाडीच्या मागे बांधून. पूर्वीचा गोठा होता तो, आता तिथे ओळीने आडव्या सायकली उभ्या. वीब्रन थेट दोन चाकीपाशी गेला. "आधी ही चालवून बघ. तीन चाकीत मजा नाही, म्हातारपण आल्यासारखं वाटतं." नीन्के तिच्यावर बसली, वीस हात गेली आणि आवारातल्या खाजकुइलीसारख्या खाजऱ्या झुडपांत सपशेल आडवी झाली. ते सोंग नव्हतं, ती खरंच पडली होती.

वीब्रन तिला उचलायला धावणार, तेवढ्यात त्याचे पाय जागेवर खिळले. अंग पुढे झुकलं, पण पाऊल काही उचलेना. त्याची बायको झुडपात पडली होती आणि तो दहा पावलांवर हात पुढे करून नुसता उभा होता. योरिटने मान फिरवून एका चाकाची हवा तपासायला घेतली. मला त्या क्षणी मोडून पडावंसं वाटलं.

नीन्के स्वतःची स्वतः उठली. हाताला पुरळ उठलं होतं. "बघितलंस ना, मला दोन चाकी जमत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "योरिट, ती तीन चाकीच दे बाबा."

ती हिरवी सायकल आठवड्याने घरी आली. तिच्यावर एक कळ सैल केली की दांडा सरकतो, साखळीला हात लावावा लागत नाही. वीब्रनने वाकून पाहिलं तर दांड्यावर नखांना लावायच्या लाल रंगाच्या दोन खुणा होत्या.

"ही जवळची तुझी. आणि ही लांबची?"

"तुझी."

"माझं माप योरिटला कुणी दिलं?"

"मी. तुझ्या या जुन्या बाईवरून लोकरीने घेतलं."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

त्याने ती लांबची खूण अंगठ्याने घासून पाहिली. मग त्याने माझ्या सीटमागच्या पिशवीकडे पाहिलं. "तुझी मनगटं?"

"ठणठणीत आहेत. ताकाला जाऊन भांडं तू लपवलंस, म्हणून मीही लपवलं."

वीब्रन भयंकर चिडला. मला फसवलं, योरिटसमोर माझी शोभा केली, मला पांगळा ठरवलं, असं काय काय बोलला. नीन्केही गप्प बसणारी नव्हती. "एकटा डॉक्टरकडे गेलास आणि सहा महिने लपवलंस! मी काय वाटेवरची मेंढी आहे?" असं ओरडून तिने शेडचं दार आपटलं.

बारा दिवस त्याने हिरवीला हात लावला नाही. तेराव्या दिवशी मला बाहेर काढलं, एकट्याने, तणतणत. बांधाखालच्या वळणावर तो थांबला आणि पुन्हा निघताना तो डावा पाय तसाच राहिला. आम्ही रस्त्यावर आडवे झालो. समोरून दुधाचा ट्रक येत होता. माझ्या झेंड्याची काठी मोडून डांबरावर पडली होती. त्या ट्रकची चाकं माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. तरुण चालक खाली उतरला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. वीब्रनने त्याची माफी मागितली आणि मला हाताने धरून घरी आणलं. चालताना तो माझ्यावर भार टाकत होता.

घरी आल्यावर त्याने मला भिंतीशी लावलं, पण या वेळी डावी बाजू बाहेर ठेवून. मग हत्यारांची पेटी काढली. माझ्या दांड्याचे बोल्ट सैल केले आणि दांडा आत ढकलला. साखळीचे नऊ दुवे काढायचे होते. पूर्वी हे काम त्याला दहा मिनिटांचं. त्या दिवशी सबंध दुपार गेली. साखळीचा खिळा दोनदा गवतात पडला, बोटं सोलली, पण त्याने कुणाला हाक मारली नाही. सगळं झाल्यावर मात्र मारली.

"नीन्के! ये, बस हिच्यावर. टाच टेकव."

ती बसली. त्याने कानस घेतली आणि दांडा जिथे थांबला होता तिथे खाच पाडली. हात थरथरत होता, त्यामुळे ती नागमोडी झाली. नीन्केने हात पुढे केला नाही. तिने त्याला ती खाच पुरी करू दिली.

"वाकडी आली," तो म्हणाला.

"येऊ दे."

नीन्के माझ्यावर शिकेपर्यंत चार वेळा पडली. आता बरी चालवते, जरा आरडाओरडा जास्त करते. रविवारी मेंढ्यांच्या फाटकापाशी आम्ही आधी पोहोचतो, कारण तीन चाकी सावकाश येते. नीन्के फाटक उघडते, कॉफी ओतते. वीब्रनचा कप हल्ली अर्धाच भरते. गेल्या महिन्यापासून अर्धाही सांडतो. पुढच्या वर्षी तो इथवर येईल की नाही, हे दोघांनाही ठाऊक नाही. त्यावर ते आता बोलतात, आणि बोलता बोलता भांडतातही.

"आलात का राजेसरकार?" ती विचारते.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, पावसात ठेवू नका, हे तर मी सांगणारच. जुन्या सायकलींचा तो हक्कच आहे. पण एवढंही करा. घरातल्या कुणाचं पाऊल अडखळताना दिसलं तर मेंढीच्या धक्क्यावर विश्वास ठेवू नका. आणि तुमचं स्वतःचं अडखळलं तर खरचटलेली बाजू भिंतीकडे करू नका. माझ्या दांड्यावर दोन खाचा आहेत, एक सरळ आणि एक वाकडी. उद्या मी तुमच्या हाती आले आणि तुम्ही मला नव्याने रंगवायला काढलंत, तर सरळ खाच बुजली तरी चालेल. वाकडी तेवढी राहू द्या.