नव्वदच्या आत

सभागृहाच्या फरशीवर ऋतुजाने सगळे मांडून मोजले. पाच बास ड्रम. लाकडी गोळ्याच्या काठ्यांच्या पाच जोड्या, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मऊ गोळ्याच्या पाच. चिंचोळीच्या एका कारखान्यातून आणलेले सेकंड मालाचे टॉवेल अकरा. बारावा टॉवेल बँडमास्तर गुरुबसप्पांनी घाम पुसायला घेतला होता.

"ड्रमला टॉवेल?" ते म्हणाले. "आंघोळ घालून आणलाय व्हय त्याला?"

बँडच्या मुली हसल्या. ऋतुजा हसली नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती या शाळेत शिकवायला आली होती, आणि मास्तरांची सगळी विद्या एका वाक्यात मावते असे तिचे मत होते: जोरात वाजवा, मग आणखी जोरात. मैदानात ते खपले असते. इथे उघड्या भिंतींवरून आवाज परत येत होता आणि एका ठोक्याच्या शेपटीवर दुसरा पडत होता.

संस्थेचे सचिव बाळासो पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला बँड ठेवायचा की स्पीकरवर धून लावायची, हे ते आज ठरवणार होते.

"मागच्या टायमाला माझं डोकं उठलं," ते म्हणाले. "माझ्या खुर्चीपाशी नव्वदच्या आत आलं तर बँड. न्हायतर मास्तर, उद्यापासनं तुमी घरी आराम करा की."

नव्वद डेसिबलचा आकडा ऋतुजानेच त्यांना दिला होता.

तिने टॉवेल कापून पट्ट्या केल्या आणि त्या ड्रमच्या आत कातड्याला टेकवून बसवल्या. मोठ्या ड्रमला रुंद, लहानाला अरुंद. सगळ्यांच्या हाती नमद्याच्या काठ्या दिल्या. मोबाइलवर आवाज मोजायचे ॲप लावून ती बाळासोंच्या खुर्चीपाशी उभी राहिली.

ठोके सुटे, स्वच्छ आले. चौऱ्याऐंशी.

"वाजवा की गं!" गुरुबसप्पा ओरडले. "गोधड्या झटकताय का?"

"वाजवतोय की मास्तर," सर्वांत लहान ड्रमवाली रेश्मा म्हणाली.

"काय वाजवताय? नुसतं घूं घूं."

पुन्हा सुरुवात झाली. मास्तरांची ताल देणारी छडी लगेच ठोक्याच्या मागे पडली आणि छडीमागे मुलींचे पाय.

"जन्म गेला बँडात," बाळासो म्हणाले, "आन् ताल कळंना."

मास्तरांनी रेश्माच्या ड्रमच्या कडेवर तळहात ठेवला. ते वाजवणे थांबवताहेत असे वाटून ऋतुजा त्यांना बाजूला करायला पुढे झाली. पण ते थांबवत नव्हते. हात तिथे असेपर्यंत छडी बरोबर ठोक्यावर पडत होती. रेश्मा वळली, हात सुटला, छडी पुन्हा चुकली.

ऋतुजाने स्कूटीच्या किल्ल्या काढल्या आणि त्यांच्या कानामागे हलवल्या. दोन मुलींनी वळून पाहिले. मास्तरांनी नाही.

घुमारा त्यांना ऐकू येत होता. ठोका कुठे सुरू होतो ते येत नव्हते. लाकडी गोळ्याचा कडक आवाज तेवढा पोचत असावा.

किल्ल्या पर्समध्ये परत ठेवायला तिला जरा वेळ लागला.

"काय मॅडम, संपलं शास्त्र?" मास्तरांनी विचारले.

"संपलं," ती त्यांच्यासमोर येऊन मोठ्याने म्हणाली. मग तिने रेश्माच्या हातातल्या काठ्या काढून लाकडी दिल्या आणि त्या ड्रमच्या आतली पट्टीही ओढून काढली.

"आत्ता कसं!" गुरुबसप्पा मुलींना म्हणाले. "शिकल्याली माणसं. जरा उशिरा कळतं त्यांना."

या वेळी छडी, ठोका आणि पाय शेवटपर्यंत एकत्र राहिले. ऋतुजा खुर्चीपाशी मोबाइल धरून उभी होती.

"किती?" बाळासोंनी मान न वळवता विचारले.

"एकोणनव्वद," ती म्हणाली.

मोबाइलच्या पडद्यावर ब्याण्णव होते.