मालक गप्प असताना

उपग्रह केंद्रातल्या तिच्या यंत्राला कागदोपत्री कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणत, पण काम सांगायला सोपं होतं. आकाशातले फ्रिक्वेन्सीचे पट्टे ज्याच्या त्याच्या मालकीचे. मालक काही दिवसभर बडबडत नाही. तो गप्प असला की यंत्राने पट्टा उसना घ्यायचा, दुसऱ्यांचे संदेश पाठवायचे, आणि मालक बोलू लागला की मुकाट उठायचं.

आज घोळ झाला होता. डोंगरावरच्या हवामान केंद्राचा जुनाट ट्रान्समीटर अडखळत, थांबत थांबत बोलायचा. त्याचं थांबणं म्हणजे संपणं, असं समजून यंत्राने मध्येच तोंड घातलं आणि निम्म्या नोंदी बुडाल्या.

"यंत्राला जास्त वेळ ऐकू द्या," ती साहेबांना म्हणाली.

"मग पट्टे रिकामे पडून राहतील. त्या एका म्हाताऱ्या खोक्यासाठी?"

"पट्टा त्याचा आहे, साहेब."

दिवसभर डोकेफोड करून तिने साहेबांना कबूल करायला लावलं. पण जिंकल्याचा आनंद मानायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

घरी दारातच वडिलांची बॅग भरून ठेवलेली. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज जेमतेम उरला होता. एकेक शब्द जुळवायला वेळ लागायचा. उद्या भाऊ त्यांना कायमचं आपल्या घरी नेणार होता. इथे दिवसभर एकटे, तिकडे वहिनी घरात, सगळ्यांच्याच सोयीचं. बाबांना विचारलं होतं की. "चालेल ना, बाबा?" ते काही बोलले नाहीत, तेव्हा तिने भावाला होकार कळवून टाकला.

एरवी ती आल्या आल्या प्रश्नांची सरबत्ती करायची: जेवलात? औषध घेतलं? बरं, पडा आता. आज जीभच उचलेना. चपलाही न काढता ती त्यांच्यासमोर बसून राहिली. बाबांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मला... नाही जायचं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? विचारलं होतं मी."

बराच वेळ गेला. तिने तो जाऊ दिला.

"विचारलंस," बाबा म्हणाले. "थांबलीस कुठे?"

दिवसभर साहेबांना शहाणपण शिकवून आलेल्या बाईला स्वतःची लाज वाटली. ती उठली, बॅग उघडली आणि बाबांचं दाढीचं सामान काढून आरशाखाली होतं तिथे ठेवून आली.