कोर्टाच्या वाटेवरची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, आणि माझी भीती अजून गेलेली नाही.

जालन्याच्या एका कारागिराने मला घडवलं. तिथून मी गोदाकाठच्या एका तहसील कचेरीत आले. कोर्टाचं समन्स आलं की अभिलेखपाल सुग्रीवराव मूळ कागद माझ्यात ठेवत, कुलूप लावत आणि फडताळात त्या जागी ‘कोर्टात’ अशी चिठ्ठी ठेवत. एसटीत मला मांडीवर घेऊन बसत. साक्षीच्या पिंजऱ्यात शपथ घेऊन ते मला उघडत, तेव्हा न्यायाधीशही वाकून बघत. किती मान होता!

एकदा जुना गावनकाशा घेऊन आम्ही कोर्टातून परतलो. त्याच संध्याकाळी सुग्रीवरावांच्या छातीत कळ आली. ते पुन्हा आले नाहीत, किल्लीही आली नाही. नकाशा माझ्या पोटात राहिला आणि फडताळात ती चिठ्ठी. माझ्यावर आधी माठ आला, मग बसायची गादी.

यंदा जयवंताबाईंच्या शेताची वाट शेजाऱ्याने काटे टाकून बंद केली. मेंढरं अडली, ऊस अडला. म्हातारी कोर्टात गेली, आणि कोर्टाने ती वाट दाखवणारा तोच जुना नकाशा मागवला. कचेरीने चिठ्ठी बघून कळवलं, नकाशा कोर्टातच आहे. कोर्टाने कळवलं, केव्हाच परत केला. म्हातारी दोन्हीकडे हेलपाटे घालत राहिली. शेवटी हुकूम आला, नकाशा कुठे आहे ते अभिलेखपालाने स्वतः येऊन शपथेवर सांगावं.

आताच्या अभिलेखपाल प्रभावतीबाई घाबरून माझ्यावरच बसल्या. मी आतल्या आत ओरडत होते, पण पत्र्याला आवाज कुठला?

“गोरख, सगळीकडं शोधलं म्हणून सांगू ना रे?”

शिपाई गोरक्षनाथ हसला. “सांगा की बाई. बुडाखालचं सोडून.”

“गप रे! रिकामी हाय ही. उद्या भंगारात चालली, जालन्याच्या भट्टीत.”

भट्टी! माझ्याबरोबर ती वाटही जळणार होती.

दारात टेकलेल्या जयवंताबाई म्हणाल्या, “रिकामीला कुलूप कामून लावलं मंग, माय?”

प्रभावतीबाई हळूच उठल्या. गोरक्षनाथाने दगड आणला. प्रत्येक घावाला वाटे, आता नकाशा फाटतो. कुलूप तुटलं. गंजल्या बुडातून शिरलेल्या वाळवीने नकाशाची एक कड खाल्ली होती. वाट मात्र शाबूत होती. गोरक्षनाथाने ती बोटाने दाखवली.

“ह्याच वाटेनं नवरी होऊन आल्ते मी,” जयवंताबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

मित्रांनो, परत आलेला कागद त्याच दिवशी जागेवर ठेवा आणि चिठ्ठी काढून टाका. विसरलेल्या कागदाखाली कुणाचं तरी शेत अडलेलं असतं.

आज सुतळीने बांधून मला पुन्हा कोर्टात नेत आहेत. एसटी कचेरीवरून गेली, तेव्हा दारात भंगाराचा टेम्पो उभा होता. त्यात माझ्यासारख्या पेट्या रचलेल्या होत्या.

त्यांनाही कुलुपं होती.