परवा निसटलेली ड्रिल

बुधवारी संध्याकाळी विमानाची शेपटी फॅक्टरीतून निघायला तयार झाली, तेव्हा उदयला लेकीची पाठवणी करणाऱ्या बापासारखं वाटत होतं. शेपटी म्हणजे विमानाच्या धडाचा मागचा निमुळता भाग. उदयला हैदराबादेत येऊन जेमतेम काही महिने झाले होते, नोकरी अजून कच्चीच होती, आणि तपासनीस म्हणून त्याचा शिक्का बसलेला हा पहिलाच भाग. सकाळी ट्रेलर येणार, शमशाबादच्या विमानतळावर नेणार, तिथून परदेशी. तिकडे कोणीतरी तो एका खऱ्या विमानाला जोडणार आणि माणसं त्यात बसून खुशाल पेंगणार.

नाशिकला उदय यंत्रांचे जाडजूड भाग तपासत असे. तिथं शंका आली की धातू वाढवायचा, प्रश्न मिटला. इथं धातू वाढवतो म्हटलं की लोक असं बघत जणू यानं वरणात साखर घालायला सांगितली. विमानात वजन हाच शत्रू. पहिल्याच आठवड्यात तपासणी विभागाच्या प्रमुख पद्मावती मॅडमनी थंड पेयाचा रिकामा डबा जमिनीवर उभा ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "चढा." उदय भीत भीत एका पायावर चढला. अंगानं तो काही किडकिडीत नव्हे, पण डब्यानं त्याला धरलं. मग मॅडमनी खाली वाकून पेन्सिलीनं डब्याला दोन्ही बाजूंनी हलकेच टोचलं, आणि डबा त्याच्या पायाखाली सपाट झाला.

"कळलं?" मॅडम हिंदीत म्हणाल्या. "पत्रा पातळ असला तरी ताकद त्याच्यातच असते. आतल्या गोल फ्रेम्स त्याचा आकार टिकवतात, लांब पट्ट्या त्याला मुडपू देत नाहीत आणि रिव्हेट सगळ्यांना एकत्र धरतात. एकटं कोणीच ओझं उचलत नाही. पण एकाला इजा झाली की सगळ्यांवर येतं."

तेव्हापासून उदयला पोचे आणि ओरखडे स्वप्नात दिसायला लागले होते. बायको म्हणे, "माझ्या चेहऱ्याकडेसुद्धा टॉर्च मारून बघतोस."

तर त्या बुधवारी पाळी संपायच्या बेतात होती आणि उदय विजयबरोबर चहा घेत होता. विजय हा जोडणी करणारा कारागीर, हैदराबादच्याच गौलीगुड्यात वाढलेला, हाताचा फार नीट आणि तोंडाचा फार सैल. शेपटीच्या आत शिरून फ्रेम्सना रिव्हेट मारायचं काम त्याचंच. मराठी बोलणारा साहेब मिळाला म्हणून तो उदयवर खूश होता आणि रोज काही ना काही ऐकवायचा.

"साहेब, परवा काय झालं सांगू का? ड्रिल मशीन हातातून निसटली ना माझ्या! सीधी फ्रेमवर. धाडकन! फ्रेमला हा एवढा मार. मी इकडं बघतो, तिकडं बघतो, कोणीच नाही. दिलमध्ये म्हटलं, चुप बस विजय, कोणाला काय कळणार हाय? मग साहेब..."

तेवढ्यात भोंगा वाजला. "अरे बाप रे, सिकंदराबादहून गाडी हाय माझी, मेहुण्याच्या गावाला चाललो. आल्यावर सांगतो बाकीचं," असं म्हणून विजय हसत हसत कंपनीच्या बसकडे पळाला.

उदयही हसत होता. पेला विसळता विसळता त्याचं हसू थांबलं. परवा म्हणजे सोमवार. सोमवारी विजय दिवसभर शेपटीच्या आतच होता. मंगळवारी उदयनं आत बघून शिक्का मारला आणि आतलं झाकण रिव्हेट मारून कायमचं बंद झालं.

तो धावत बाहेर गेला तोवर बस फाटकाबाहेर पडली होती. त्यानं विजयला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

 उदयचे सासरे हिम्मतराव यांचं हैदराबादच्या सुलतान बाजारात कापडाचं दुकान होतं. कापडाच्या काठाला कात्रीचा जरासा चावा दिला की ओढल्यावर ते तिथूनच टर्रकन फाटत जातं, हे त्यानं गल्ल्यावर बसून कैकदा पाहिलं होतं. फ्रेमचंही तेच. वारा शेपटीला आडवं ढकलणार, प्रत्येक उड्डाणात ढकलणार, आणि त्या मारापाशी केसाएवढी भेग पडून हळूहळू वाढत जाणार. वाढत वाढत कुठवर जाईल, ते त्याला मनातही आणवेना.

गप्प बसावं, असा विचार त्याच्या मनात आला नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. आला. चांगला ऐसपैस मांडी घालून बसला. कच्ची नोकरी, पहिला शिक्का, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यानं जाऊन सांगायचं की थांबा? पण ते पेंगणारे प्रवासी काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. तो मॅडमच्या खोलीत गेला.

"मॅडम, सोमवारी विजयच्या हातून ड्रिल पडली, फ्रेमवर. त्यानं कोणाला सांगितलं नाही. आता बोलता बोलता मला म्हणाला."

पद्मावती मॅडम घरात तेलुगू आणि फॅक्टरीत हैदराबादी हिंदी बोलत.  त्यांनी विचारलं, "विजय? उनो छुपाया?" उनो म्हणजे तो. त्यांचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी लगेच फोन उचलला आणि सकाळचा ट्रेलर थांबवला.

मग कॅमेऱ्याची नळी आली, डॉक्टर पोटात घालतात तसली. वजन घटवण्यासाठी फ्रेमला भोकं पाडलेली असतात, त्यातल्या एकातून ती आत सरकवली. पडद्यावर फ्रेम दिसत होती, लख्ख, निर्दोष. फक्त एका ब्रॅकेटच्या, म्हणजे जोडपट्टीच्या, मागचा कोपरा काही केल्या दिसेना. मंगळवारी आपण तो पाहिला होता, पण नजर चुकली असेल, मार तिथंच असणार, असं उदयला अगदी वाटून गेलं. आता सकाळी रिव्हेट कापून झाकण उघडावं लागणार होतं. रिव्हेट कापताना भोक जरा जरी मोठं झालं तर परदेशातून परवानगी, नवे रिव्हेट, नवे हिशेब. शेडभर कुजबुज सुरू झाली. विजयनं लपवलं म्हणे. उदयला ती ऐकवेना, पण सुरुवात त्याच्याच तोंडून झाली होती.

घरी आला तेव्हा सासूबाई सुशीलाबाईंनी ताटं वाढली होती. फ्लॅट मिळेपर्यंत तो सासुरवाडीतच राहत होता. घरजावई हा शब्द कोणी काढला की त्याला ठसका लागायचा, म्हणून घरात तो शब्द बंद होता. आज मात्र शब्दावाचूनच तो नुसता भात चिवडत बसला होता.

"जावईबापू, जेवा की," हिम्मतराव सगळी हकिकत ऐकून म्हणाले. "नुकसानीचं टेन्शन असतंच. परवा नाही का आपल्या दुकानात पाणी शिरलं? गठ्ठेच्या गठ्ठे भिजले. मी काय जेवायचं सोडलं?"

उदय दचकला. "परवा? दुकानात पाणी? मला कोणी बोललं कसं नाही?"

उदयची बायको प्रियदर्शिनी फस्सकन हसली. "बाबा पण ना! अरे, मी शाळेत होते तेव्हा."

"मग?" हिम्मतराव म्हणाले. "परवाच की."

"परवा म्हणजे," उदयनं हातातला घास तसाच ताटात ठेवला, "परवा म्हणजे तुमच्याकडं नेमकं कधी?"

हिम्मतरावांना हा प्रश्नच कळेना. दिवस पूर्वेला उगवतो का, असं कोणी विचारल्यासारखं त्यांनी जावयाकडे पाहिलं. "काल म्हणजे काल. काल नाही ते सगळं परवा."

"इथं सगळे असंच बोलतात रे," प्रियदर्शिनी म्हणाली. "परसों. गेल्या आठवड्यातलंही परसों आणि निजामाच्या काळातलंही परसों. आपण मराठीत परवा म्हणतो, एवढंच."

उदय ताटावरून उठला आणि पुन्हा बसला. थोडी आशा वाटली खरी, पण खात्री काही पटली नाही. परवा म्हणजे कधीही, म्हणजे सोमवारसुद्धा. आशेवर विमान उडत नाही. तरी त्या रात्री त्याला झोप लागली, हे सांगायला हवं.

सकाळी त्यानं मॅडमना गाठलं. रिव्हेट कापायची तयारी मांडलेली होती. "मॅडम, विजय सोमवार म्हणाला नव्हता. परवा म्हणाला होता. सोमवार मी केला."

मॅडमनी चष्मा काढला. "परसों? परसों बोला था उनो?"

"हौ," इथला होकार उदयच्या तोंडून निघून गेला.

"तो परसों बोलना ना, बाबा! मंडे कायकू बोले?" आणि त्या हसायला लागल्या. पण लगेच सावरून म्हणाल्या, "उससे बात होने दो. तब तक कोई हाथ नक्को लगाओ."

फोन थोड्याच वेळात आला. विजय गावाबाहेरच्या टेकाडावर चढून, रेंज शोधून बोलत होता. "साहेब, एवढे मिसकॉल! कोण गेलं काय?"

उदयनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. "विजयभाऊ, ती ड्रिल कधी पडली होती?"

"सांगितलं ना, परवा."

"परवा म्हणजे कधी?" उदय जवळजवळ ओरडला.

"अरे साहेब, जुन्या शेडमध्ये! माझं लगीन पण झालं नव्हतं. रातभर झोप नाही आली मला. सकाळी मॅडमकडं जाऊन सगळं सांगून टाकलं. मॅडमनी माझ्यासमोर ती फ्रेम कापून भंगारात टाकली आणि मला म्हणल्या, आज तू माणसं वाचवली. तेच तर सांगत होतो तुम्हाला, भोंगा वाजला बघा."

मॅडम मान हलवत होत्या. त्यांना आठवत होतं. "कल से मैं सोच रही थी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वो लड़का इस बार कैसे छुपाया." मग त्या उदयकडे वळल्या. तो ब्रॅकेटमागचा कोपरा मंगळवारी त्यानं बघितला होता का, असं त्यांनी विचारलं.

"हो. आरसा आत घालून, दोनदा. स्वच्छ होता."

"तो अच्छा पेट कायकू फाड़ना," त्या म्हणाल्या आणि ट्रेलरवाल्याला बोलवायला निघाल्या.

"साहेब," फोनमधून विजयचा आवाज आला, एकदम बारीक. "माझं नाव गेलं का वर? मी छुपवलं म्हणून?"

उदयला खोटं बोलता आलं असतं. "गेलं, विजयभाऊ. मीच घातलं. सगळ्यांनी ऐकलं."



उदय तो चालू फोन हातात धरून शेडच्या मधोमध गेला. रिव्हेट कापायला आलेले, ट्रेलरच्या पट्ट्या सोडवणारे, कुजबुजणारे, सगळे तिथं होते. कारागीर हिंदीत बोलत, म्हणून तोही हिंदीतच बोलला, नाशिकचे हेल काढत, चुकतमाकत. विजयनं काही लपवलेलं नाही, ऐकण्यात चूक माझी झाली, विजयनं तर लग्नाआधीच सगळं सांगून टाकलं होतं. परसोंचा सोमवार झाला हे कळल्यावर शेडमध्ये जो हशा उठला, तो टेकाडावर नक्कीच पोचला असणार. कोणीतरी उदयच्या पाठीवर थाप मारली. बाहेर ट्रेलर मागे मागे येत होता.

आणि मग काय झालं कोण जाणे. उदय शेपटी ठेवलेल्या लोखंडी घोडीला टेकून खाली फरशीवर बसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"साहेब? रडताय काय?" फोनमधून विजयनं विचारलं.

"नाही," उदय म्हणाला. मग म्हणाला, "हो."

"रडा," विजय म्हणाला. "ती फ्रेम कापली ना, तेव्हा मी पण असाच खाली बसलो होतो."